गालाचं हाड

कुणी आजारातून उठलं की आपण म्हणतो, गालफडं बसली. बसतं ते मांस. हाड उलट वर येतं. हाडच बसलं तर मात्र ते पटकन दिसत नाही, हे मामूंच्या अपघातात कळलं.

फजरच्या नमाजला जाताना खड्ड्यात स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, पण अर्धं, गाल उघडाच. डावी बाजू इतकी सुजली की पहिल्या दवाखान्यात 'मुका मार आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. पाचव्या दिवशी सूज ओसरली तेव्हा मुमानी म्हणाल्या, "यांचा गाल सपाट कसा दिसतोय?"

नंतरच्या सर्जननी स्कॅनच्या आधी बोटं वापरली. मामूंना मान मागे टाकायला लावली, स्वतः पाठीमागे उभे राहिले, दोन्ही उंचवट्यांवर एकेक बोट ठेवून वरून पाहिलं. समोरून जेमतेम जाणवणारा फरक तिथून स्वच्छ दिसला. मग डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवरून बोट फिरवलं; एका जागी पायरी लागली. त्या कडेच्या थोडं खाली, साधारण बुबुळाच्या रेषेत, हाडाला बारीक भोक असतं. त्यातून येणारी नस गाल, नाकाची बाजू आणि वरच्या ओठाला संवेदना देते. वरचे पुढचे दातही तिच्याच फांद्यांवर. 'हे दात माझे वाटत नाहीत' असं मामू म्हणत होते ते उगाच नव्हतं. तोंडही पुरतं उघडेना, कारण कानाकडे जाणारी हाडाची कमान आत दबली होती आणि जबड्याचं टोक तिच्याच आतून सरकतं.

पहिल्याच दिवशी कुणी ओठाला कापूस लावून पाहिला असता तर? खर्च शून्य. अशी हाडं साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवलेली बरी, नंतर ती वाकडी जुळू लागतात. आमचे पाच दिवस त्यातच गेले.

कानशिलावरच्या केसांत लहानसा छेद घेऊन, तिथून सळई खाली सरकवून हाड उचललं. ही पद्धत हॅरोल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1927 साली मांडली. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे उद्ध्वस्त चेहरे जोडणारे हेच ते गिलीज. मामूंना एक छोटी पट्टीही बसवावी लागली.

डॉक्टरांनी ताकीद दिली, नाक शिंकरायचं नाही. सायनसमधली हवा भेगेतून डोळ्याभोवती शिरते. मामूंचा चेहरा पडला. पाच वेळा वुजू, प्रत्येक वेळी नाकात पाणी. आमच्या इमामसाहेबांनी एका वाक्यात सोडवलं: वुजूत ते सुन्नत आहे, फर्ज नाही, बोट ओलं करून फिरवा. सजद्यात कपाळ आणि नाक टेकतं, गाल नाही, तेवढं बरं. तरी काही आठवडे त्यांनी खुर्चीवर बसूनच नमाज पढली.

पाच महिने झाले. वुजूचं पाणी अजून उजव्या गालालाच नीट कळतं. डावीकडचा बधिर भाग नाकाशेजारी रुपयाएवढा उरलाय. मामू रोज दाढी करताना त्याची हद्द बोटाने तपासतात आणि मुमानींना सांगतात.