बेमुदत ओळ

संगणकाला एखाद्या नावाचा पत्ता विचारला आणि तो मिळाला नाही, तर संगणक 'नाही' अनेक तऱ्हांनी म्हणतो. माझ्यापर्यंत मात्र त्या सगळ्या तऱ्हा एकाच वाक्यात पोचतात: 'साहेब, सर्व्हर नथी चालतुं.' कारेलीबागेत, पाण्याच्या टाकीच्या रस्त्यापासून जवळच माझं घर आहे. तिथं बसून मी बडोद्यातल्या छोट्या-मोठ्या धंद्यांचे युनिक्स-लिनक्स सर्व्हर सांभाळतो. मशीन जागच्या जागी असतं, वीज असते, केबल असते, पंखा फिरत असतो. फक्त नावावरून पत्ता लागत नाही, आणि तेवढ्यानं धंदा बसतो.

यातला सर्वांत प्रामाणिक नकार म्हणजे 'असं नावच नाही'. त्या नावाच्या नोंदी ज्याच्याकडे आहेत, त्यानंच तो दिलेला असतो, म्हणून भांडण नको. बहुतेक वेळा कुठंतरी टायपिंग चुकलेलं असतं, किंवा झोन फाईलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाईलीत, नावाच्या शेवटी द्यायचा ठिपका राहून गेलेला असतो. एवढासा ठिपका, पण तो नसला की सर्व्हर त्या नावाला डोमेनचं शेपूट पुन्हा एकदा जोडतो आणि जगात नसलेलं नाव शोधत बसतो.

दुसरा नकार जरा लबाड. नाव आहे, पण तुम्ही विचारलंत ती नोंद नाही. चूक झाल्याचा शेराही नसतो, उत्तराची जागा नुसती कोरी. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ ला, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात हेच झालं. नोंदी आपोआप बदलणाऱ्या दोन यंत्रणा एकमेकींच्या पायात आल्या आणि डायनॅमोडीबी या सेवेच्या नावापुढची पत्त्याची नोंद रिकामी झाली. त्यावर उभी असलेली निम्मी दुनिया काही तास ठप्प. इकडे दुपार होती, लोक फराळाच्या ताटावर बसून ॲप पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

तिसरा सर्व्हफेल. 'शोधायला गेलो होतो, पण धड काही आणता आलं नाही.' पलीकडचे सर्व्हर मेलेले असतात, किंवा नोंदीवरची डिजिटल सही जुळत नाही. कधी कधी तर उत्तर तपासणाऱ्या मशीनचं घड्याळच चुकलेलं असतं आणि चांगल्या सह्या त्याला मुदतबाह्य वाटतात. चौथा रिफ्यूज्ड: मला माहीत असो वा नसो, तुला सांगणार नाही. हा उद्धट वाटतो, पण त्याच्यावर वेळ वाया जात नाही. कोणाच्या दाराशी उभे आहोत ते लगेच कळतं.

आणि पाचवा, मौन. सगळ्यांत वाईट हाच. रिझॉल्व्ह.कॉन्फ नावाच्या फाईलीत जास्तीत जास्त तीन नेमसर्व्हरचे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते लिहिता येतात. मशीन पहिल्याला विचारतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे पाच सेकंद वाट बघतं. मग दुसऱ्याकडे वळतं. पहिला नेमसर्व्हर कधीच निवृत्त झालेला असेल, तर प्रत्येक नव्या प्रश्नाला हा पाच सेकंदांचा दंड बसतो. काम बंद पडत नाही, उशिरा होतं. त्यामुळे तक्रारही 'सर्व्हर स्लो छे' अशी येते आणि लोक रॅम विकत आणतात. रॅम घातल्यावर सर्व्हर तितकाच मंद राहतो, हे वेगळं सांगायला नको.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट यांतल्या कुठल्याच नकाराची नाही. ती एका ठाम 'होय'ची आहे.

एका वाहतूक व्यवसायाचा सर्व्हर माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी त्यांच्याकडून पार्ट्यांना बिलं आणि बिल्टीच्या प्रती मेलनं जातात. बिलिंगचा प्रोग्रॅम स्वतःच मेलच्या मशीनला नावानं हाक मारतो आणि कागद तिकडे टाकतो. एके दिवशी हे थांबलं. तिथला मुलगा हुशार आणि चटपटीत. माझा फोन लागायच्या आत त्यानं सगळं तपासलं होतं. डिग ही आज्ञा चालवून नाव विचारलं होतं, पत्ता अचूक आला होता. मुळापासूनचा माग काढला, तोही बरोबर. स्क्रीनचा फोटो पाठवून तो म्हणाला, 'साहेब, डीएनएस तो एकदम ओके छे.' डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी ही सगळी व्यवस्था.

फोटो बघितला. नोंदीच्या शेजारी २८७ असा आकडा. पुन्हा विचारायला लावलं, २८१. हा आकडा उतरताना बघायला मला अजून आवडतं. प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या मालकानं ठरवलेली मुदत येते, सेकंदांत. तेवढा वेळ वाटेतल्या सर्व्हरनं ते उत्तर जपून ठेवावं आणि विचारणाऱ्याला आपल्या जवळचंच द्यावं. मुदत संपली की विसरावं आणि पुन्हा मालकाला विचारावं. आकडा उतरतोय याचा अर्थ उत्तर कुणाच्या तरी आठवणीतून येतंय. प्रत्येक वेळी पूर्ण आकडा दिसत असेल तर खुद्द मालक बोलतोय असं बहुधा समजावं. मशीन दुसरीकडे हलवायचं असेल, तर शहाणा माणूस आधीच ही मुदत ८६,४०० वरून, म्हणजे अख्ख्या दिवसावरून, ३०० वर आणून ठेवतो, म्हणजे जग जुना पत्ता पाच मिनिटांत विसरतं. नकारालासुद्धा मुदत असते. नाव जन्माला यायच्या आधी कुणी विचारलं, तर 'नाही' हे उत्तरही साठवलं जातं, आणि नाव जन्मल्यावरही ती मुदत भरेपर्यंत नाहीच ऐकू येतं. नकार साठवण्याचे नियम १९९८ साली नीट लिहून काढले गेले. दुसऱ्याकडून ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीवर किती वेळ विश्वास ठेवायचा, हे इतकं काटेकोरपणे ठरवणारी दुसरी व्यवस्था मला ठाऊक नाही. माणसांत तर नाहीच.

तर डीएनएस ओके होतं. मी त्याला दुसरी आज्ञा चालवायला सांगितली, गेटएंट होस्ट्स, आणि पुढं तेच नाव. आलेला पत्ता वेगळा. पोरगा गप्प झाला.

डिग थेट नेमसर्व्हरला विचारतं. बिलिंगचा प्रोग्रॅम तसं करत नाही. तो मशीनला विचारतो, आणि मशीन एनएसस्विच.कॉन्फमध्ये लिहिलेल्या क्रमानं जातं. तिथं बहुतेक ठिकाणी हाच क्रम असतो: आधी फाईल, मग डीएनएस. फाईल म्हणजे ईटीसी या फोल्डरमधली होस्ट्स. तीत नाव सापडलं, तर बाहेर कुणाला विचारायचं कारणच उरत नाही. तेव्हा डिगची साक्ष खोटी नव्हती, पण ती भलत्याच साक्षीदाराची होती. प्रोग्रॅम ज्याला विचारतो त्यालाच आपण विचारायला हवं, आणि ते काम गेटएंट करतं. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या मुलांना मी ही एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो.

होस्ट्स फाईल उघडली. तळाशी एक ओळ. मेलच्या मशीनचं नाव, त्याच्यापुढं एक परका पत्ता, आणि कडेला टीप: 'पूर. टेम्पररी.'

ऑगस्ट २०२४. जन्माष्टमीच्या सुमारास पाऊस लागला तो थांबेना. विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. पाणी सोसायट्यांत शिरलं, वीज गेली, रस्त्यांवर मगरी सापडल्या. त्याचे फोटो तुम्हीही बघितले असतील. या ऑफिसचा तळमजला बुडाला आणि मेलचं मशीन बंद पडलं. त्या वेळी तिथं नोकरीला असलेल्या कुणीतरी बाहेरचं एक मशीन भाड्यानं घेतलं आणि बिलिंगच्या सर्व्हरवर ही एक ओळ लिहिली. त्या परिस्थितीत मीही हेच केलं असतं. गळ्याशी पाणी आलेलं असताना डोमेनच्या नोंदी कोण बदलत बसणार! पाणी उतरलं. मेलचं मशीन दुरुस्त झालं, पुन्हा चालू झालं. ओळ राहिली. भाड्याचं मशीनही चालू राहिलं, बिलं त्याच्या वाटेनं सुखरूप जात राहिली आणि कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. लिहिणारा नोकरी सोडून गेला. पुढं हिशेब बघताना कुणाला तरी ते भाडं खटकलं, त्यानं ते बंद केलं आणि संध्याकाळची बिलं अडकली.

या होस्ट्स फाईलीचं घराणं मोठं जुनं आहे. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, दिवसांत त्या जाळ्यातल्या सगळ्या मशीनांची नावं एकाच फाईलीत असायची. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांची तुकडी ती सांभाळायची. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तशी ही पद्धत पुरी पडेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली: सगळी यादी कुणाकडेच नको. मुळाशी असलेल्याला फक्त इतकंच माहीत असावं की पुढं कुणाला विचारायचं, त्यानं त्याच्या पुढच्याचं नाव सांगावं, आणि ज्याचं नाव त्यानंच शेवटचं उत्तर द्यावं. पाठोपाठ बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी बाइंड हा नेमसर्व्हरचा प्रोग्रॅम लिहिला, आणि जग त्या वाटेनं गेलं. तरी ती जुनी फाईल कुणी काढून टाकली नाही. प्रत्येक मशीनवर तिचा एक वंशज आजही आहे आणि पहिला मानही त्यालाच आहे.

मला विचार करायला लावलं ते इथं. बाहेरून आलेल्या प्रत्येक उत्तराला या व्यवस्थेनं मुदत घातली. आपल्या हातानं घरात लिहिलेल्या ओळीला मात्र घातली नाही. ती सगळ्यांत आधी वाचली जाते, तिची कुणी उलटतपासणी करत नाही, आणि ती कधीच शिळी होत नाही. म्हणजे होते, पण तसं तिच्यावर कुठंच उमटत नाही. परक्यावर विश्वास मोजून-मापून आणि घरच्यावर बेमुदत, असा हा कारभार. रचना करणाऱ्यांची ही चूक म्हणावी असं मला वाटत नाही. जाळं तुटलेलं असताना मशीनला निदान स्वतःचं नाव तरी माहीत असायला हवं. पण तात्पुरत्या गोष्टी नेमक्या याच दारानं आत येतात आणि कायमच्या होतात.

आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना हे नवं वाटू नये. १९७४ साली शहराचं नाव अधिकृतपणे वडोदरा झालं, आम्ही अजून बडोदंच म्हणतो. रेल्वेनं पाटी बदलली, पण स्टेशनचा कोड बीआरसी तोच ठेवला. विमानतळाचा कोडही बीडीक्यू. सयाजीबागेला आमच्या घरात कुणी सयाजीबाग म्हटलेलं मला आठवत नाही, ती कमाटीबाग. आईनं रिक्षावाल्याला सांगितलेल्या खुणांमध्ये निम्मी दुकानं आता नाहीत. रिक्षावाला तिला बरोबर नेऊन सोडतो, कारण तोही तेवढाच जुना. नव्या पोराच्या रिक्षात मात्र दोघांचं भांडण ठरलेलं. तो फोनमध्ये बघतो, आणि आई म्हणते, मी इथं जन्म काढलाय, मला काय शिकवतोस! भांडणात दोघंही खरंच सांगत असतात. फोनमधलं उत्तर आजचं असतं, आईचं कधीचं ते तिलाही सांगता येत नाही.

माणसांबद्दलची आमची मतं तर बहुतेक याच फाईलीतली. अमक्याचा अमुक तसाच, ही ओळ कुण्या आजोबांनी एखाद्या पुराच्या रात्री लिहिलेली असते. त्या रात्री ती खरी असेलही.

नावांचा घोळ मोठ्यांकडेही होतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जगभर सहा तासांच्या आसपास बंद होतं. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेनं त्यांच्या नेमसर्व्हरकडे जाणारे रस्तेच जाळ्याच्या नकाशावरून पुसले गेले. व्हॉट्सॲपही त्यातच, त्यामुळे आपल्याकडच्या कुटुंबांच्या ग्रुपांवर त्या रात्री कधी नव्हे ती शांतता होती. अशी मोठी पडझड निदान दिसते तरी, हजारो लोक धावतात, नंतर कारणांचा सविस्तर अहवाल निघतो. वाहतूक कंपनीच्या सर्व्हरवरच्या एका ओळीचा अहवाल कोण लिहिणार?

आम्ही त्या ओळीच्या पुढं आडव्या-उभ्या रेघांची खूण घातली, म्हणजे मशीन ती वाचत नाही पण माणसाला दिसते. खाली तारीख आणि नावं लिहिली. बिलिंगचा प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू केला, कारण काही प्रोग्रॅम एकदा मिळालेला पत्ता स्वतःच्या पोटात धरून बसतात. रात्री उशिरा अडकलेली सगळी बिलं गेली.

फाईल बंद करण्यापूर्वी ती वरपासून नीट वाचली. मधोमध आणखी काही ओळी होत्या. त्यांच्यापुढं टीप नाही, तारीख नाही, आणि ती नावं कुठला प्रोग्रॅम विचारतो हे ऑफिसात कुणाला सांगता येईना. मी मालकांना म्हटलं, एकेक बंद करून बघू या, काय अडतं ते कळेल. ते म्हणाले, 'चाले छे ने? तो रहेवा दो.' त्या ओळी अजून तिथंच आहेत.