दाभोळच्या वाटेवर ईदची पिशवी

दिवा स्थानकावर पहाटे सावंतवाडीची गाडी लागते तेव्हा फलाटावर माणसांपेक्षा बोजेच जास्त दिसतात. आम्ही मुंब्र्याचे, म्हणजे एकाच स्टेशनाच्या अंतरावरचे. तरीही सामान उतरवून पोहोचेपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. २०२५ची बकरी ईद ७ जूनला आली. त्या वर्षी पाऊस मेअखेरीसच कोकणात उतरला होता. खेडला उतरलो तेव्हा सरी चालू होत्या. पुढे एसटीने दापोली आणि तिथून दाभोळच्या रस्त्यावरचे आमचे गाव. पाच तारखेला संध्याकाळी घर गाठले तेव्हा आम्ही चिंब आणि पिशव्या मात्र कोरड्या, कारण मुलांच्या रेनकोटात त्याच गुंडाळल्या होत्या.

या पिशव्यांची एक गोष्ट आहे. त्याआधीच्या रमजान ईदला पाहुणे वाढले आणि ताटल्या कमी पडल्या, म्हणून आम्ही दादींचे कपाट उघडले. आत काचेचा डिनर सेट, खोक्यासकट. चिठ्ठी न काढलेल्या तीन चादरी. भिंतीवरची दोन घड्याळे. कॉफीचे सहा मग, आणि या घरात कॉफी कुणी पीत नाही! सगळे आम्हीच दिलेले, नाहीतर कतारहून दिराने पाठवलेले. दादी म्हणाल्या, "तुम्ही प्रेमाने आणलंत, मोडायला कशाला काढू?" आणि त्याच दादी मागच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून तळ झिजलेली चप्पल घालून विहिरीकडे जात होत्या. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. कपाट बंद करताना आम्ही दोघे एकमेकांकडे बघतही नव्हतो.

तेव्हापासून आधी विचारतो, मग खरेदी करतो. पण मोठी माणसे सांगतात थोडीच! "काही नको, तुम्ही या म्हणजे झालं," एवढेच उत्तर. म्हणून यंदा चाचांच्या आठवीतल्या मुलीला कामाला लावले. ती घरभर फिरली आणि फोनवर यादी सांगितली. दादींचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्याचा फोटो पाठवला, शेजारी पट्टी ठेवून. पोरगी हुशार आहे.

त्यामुळे खरेदीची वाटच बदलली. एरवी आम्ही अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या चकचकीत खोक्यांपुढे तासन्‌तास उभे राहायचो. यंदा लोहार चाळीतून चार्जिंगचे दोन दिवे घेतले, कारण पावसात गावची वीज कधी जाईल नेम नाही. दादींसाठी खडबडीत तळाची रबरी चप्पल. चाचींच्या कुकरला रिंग आणि शिट्टी. सगळ्यांत स्वस्त भेट हीच, आणि चाचींनी ती उघडताच कुकर चढवला. कुर्बानीचे वाटे न्यायला झाकणाचे स्टीलचे डबे घेतले. नातेवाइकांचा हिस्सा दरवर्षी गळक्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जायचा. डबे बारा नेले, परत आले सात. उरलेले पाच कुणाच्या घरी नांदताहेत ते आम्हाला ठाऊक आहे, पण ईदच्या दिवसांत असे बोलू नये.

प्रश्न होता फुफींचा. फुफी म्हणजे मुलांच्या अब्बांची थोरली बहीण. फुफा गेले त्याला नऊ वर्षे झाली. पायाच्या मशीनवर गावच्या मुलींचे ड्रेस आणि मदरशातल्या मुलांचे कुर्ते शिवून त्या घर चालवतात. आदल्या वर्षी आम्ही त्यांच्या हातात पाकीट ठेवले. त्यांनी ते आमच्यासमोरच उघडले आणि जमलेल्या मुलांना एकेक नोट ईदी म्हणून वाटून टाकली. शेवटची नोट आमच्याच धाकट्याला मिळाली. रागाचा एक शब्द नाही, पण आम्ही समजलो. जकातीचा पैसा आणि बहिणीची ईद यांतला फरक त्यांनी आम्हाला दाखवला होता.

यंदा चाचांच्या मुलीने सांगितले की फुफींचे गुडघे दुखतात, मशीन चालवताना मध्येच उठतात. म्हणून मशीनला बसवायची छोटी मोटर नेली, पायाने दाबायच्या पेडलसकट. फुफींनी ती उलटसुलट पाहिली. "कितीला?" आम्ही खरे तेच सांगितले, बाराशे. त्या गप्प राहिल्या. मग दुसरीच अडचण निघाली. मशीन पडवीत, खिडकीच्या उजेडाला. आणि प्लगची जागा माजघरात. एवढी चौकशी करून आम्ही हेच विचारले नव्हते. वर ईदच्या दिवशी दुपारी वीज गेली ती गेलीच. मोटर खोक्यात, खोके मशीनखाली. आमच्या डोळ्यांपुढे दादींचे ते कपाट उभे राहिले.

बासी ईदला पाऊस थोडा थांबला, म्हणून मुलांना घेऊन दाभोळच्या धक्क्यावर गेलो. पलीकडच्या धोपाव्याला गाड्या नेणारी फेरीबोट इथूनच सुटते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या काठाला बांधलेल्या होत्या. बहामनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते, हजला जाणारे इथून जहाजात बसत. खाडीकाठी घुमटाची जुनी दगडी मशीद आहे. विजापूरची शहजादी हजला निघाली, दाभोळला अडकली, आणि प्रवासासाठी आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधली, असे सांगतात. फुफी मुलांना ही गोष्ट सांगत होत्या. सांगता सांगता आमच्याकडे वळून म्हणाल्या, "शेजारणीने बकरीचा खूर पाठवला तरी हलका समजू नये, असं प्रेषितांनी (स.) शिकवलंय. मग मोटर मी कशी परत करू? पण हात रिकामा घेऊन तुम्हाला पण जाऊ देणार नाही."

संध्याकाळी वीज आली. भाच्याने माजघरातून पडवीपर्यंत वायर ओढली, पट्टा बसवला. पहिल्या दाबाला मशीन एवढ्या जोरात पळाले की फुफींनी "या अल्लाह!" म्हणून पाय उचलला. दादी हसत बसल्या, नव्या चपला पायात. त्या चपला त्यांनी घरातही काढल्या नव्हत्या.

रात्री उशिरापर्यंत पडवीतून घरघर ऐकू येत होती. निघायच्या सकाळी फुफींनी जुन्या साडीच्या सहा पिशव्या पुढे ठेवल्या, दुहेरी तळाच्या, नारळ घातले तरी न उसवणाऱ्या. एकीत आमसुले, एकीत तांदळाचे पापड. "पुढच्या ईदला सामान यातूनच आणा," त्या म्हणाल्या.

खेडला गाडीत बसल्यावर तळाशी घडी केलेले वर्तमानपत्र सापडले. त्यावर पेन्सिलीने ओढलेला पाय होता, चाचांचा, मोठा.