सातची वेळ

आमच्या चाळीत संध्याकाळचे सात ही आईची वेळ होती. देवापुढे दिवा लागायचा, आम्हा भावंडांची शुभंकरोती व्हायची आणि वडील गॅलरीच्या कठड्याशी उभे असले तरी आत येऊन बसायचे. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, वडिलांची पाळी गेली, दिवसाला काही आकारच उरला नाही. सात तेवढे जागेवर राहिले. (वडील कधीही प्यायले नाहीत. ‘घरात कुणी घेत होतं का?’ हे मला डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलंय आणि उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा झालीय.)

नोकरी लागली आणि सात माझे झाले. सातच्या आत ग्लासाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. त्याचा मला अभिमानही होता. आधी पिणारे ते दारुडे, सातनंतर पिणारे आपण शौकीन! चार वाजल्यापासून फायलीतलं अक्षर दिसेनासं व्हायचं, कारण डोळे भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेले. नियम मोडायला वर्षं लागली. मोडला तेव्हा सकाळी कपबशी धरताना हात थरथरत होता.

उपचारांचा भाग थोडक्यात सांगतो. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो; तिथे डॉक्टरच हवा. पण डॉक्टर शरीरातली दारू काढतो. संध्याकाळ काढायची कशी, हा प्रश्न व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाबाहेर सुरू होतो.

बाहेर पडताना हातात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मिटिंगांची यादी होती: वार, जागा, भाषा, वेळ, कुठली खुली, म्हणजे घरच्यांनाही येता येईल अशी, कुठली बंद, फक्त आमच्यासाठी. मुंबईत पर्याय भरपूर. मी स्थळं पाहावीत तशी मिटिंगा पाहत फिरलो. चर्चच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरणारी इंग्रजी मिटिंग मला फार आवडली. माणसं सभ्य, बोलणं मोजकं, कॉफी उत्तम. पण रविवारी सकाळी मला दारू कधी आठवलीच नव्हती. दुसरी रात्री साडेआठची. तोवर माझ्या डोक्यातल्या लढाईचा निकाल लागलेला असायचा. एका ठिकाणी एक जुने गृहस्थ आपल्या पिण्याच्या काळाचं असं रसभरीत वर्णन करायचे की ऐकूनच घशाला कोरड पडे. कंटाळवाण्या मिटिंगाही असतात, हे उगाच का लपवा?

बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका तिथे यायचे. माझी तक्रार ऐकून ते म्हणाले, “माणसं कसली बघतोस? वेळ बघ. तुझी कितीची?”

“सातची.”

“मग सातची धर. रोज नसेल तर तीन ठिकाणच्या जोड.”

तशी जोडली. त्यातली मुख्य महापालिकेच्या शाळेत, चौथीच्या वर्गात. बाक मुलांचे, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीकडे निघालेले. फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार. पंखा कुरकुरणारा. पैसे कुणी मागत नाही, शेवटी पिशवी फिरते. द्यायचं तर द्या. नाव विचारलं जातं तेही पहिलंच. १९४९च्या कायद्यानुसार आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. इथे येऊन बसायला सोडायची इच्छा पुरते. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांना सांभाळा, असं मिटिंगांत नेहमी सांगतात. ऑफिस सुटलेल्या माणसाला हे चौघे नेमके सातलाच एकत्र गाठतात, आणि त्या वेळी मी बाकात अडकलेला असतो. तिथे रोज काही थोर ऐकायला मिळतं असं नाही.

या संघटनेचा जन्मही संध्याकाळचाच. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन अ‍ॅक्रनमध्ये धंद्यात मार खाऊन हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला गावातल्या चर्चची यादी आणि फोन. तो फोनकडे गेला, बोलायला आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधायला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता डॉक्टर बॉब स्मिथ त्याला भेटायला आले, पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावून. उठले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. बॉबनी शेवटचा घोट घेतला १० जूनला आणि तोच संघटनेचा वाढदिवस मानतात. मला मात्र ते सहा तास मोठे वाटतात.

सध्या डोंबिवलीचा एक मुलगा माझ्याशी जोडला गेलाय. सिक्युरिटीत रात्रपाळी. त्याचेही सातच, पण सकाळचे; पाळी सुटली की पाय वळतात. संध्याकाळची मिटिंग सांगितली तर म्हणतो, “दादा, तेव्हा मी झोपेतून उठून डबा भरत असतो.” सकाळच्या मिटिंगा थोड्या. लॉकडाऊनपासून ऑनलाइन मिटिंगा झाल्यात, पण मोबाइलच्या चौकटीत त्याला तोंड उघडत नाही. दोन-तीन दारुडे दारू सोडण्यासाठी एकत्र बसले तर त्याला ग्रुप म्हणायला आमच्या परंपरेची हरकत नाही. म्हणून स्टेशनबाहेरच्या टपरीवर सकाळी सातला आम्ही दोघं बसतो. तिसरा शोधतोय. रात्रपाळीचाच हवा.