मुखपृष्ठावरचे नाव

स्टॉलवर मासिके एकावर एक अशी लावलेली असतात, की प्रत्येकाचा वरचा भागच दिसतो. म्हणून मासिकाचे नाव वर असते. ग्राफिक डिझाईनच्या वर्गात जाईपर्यंत मी याचा कधी विचारच केला नव्हता.

आम्हाला एका कल्पित मासिकाचे मुखपृष्ठ हुबेहूब खऱ्यासारखे करायचे होते. नाव, महिना, किंमत, आतल्या लेखांची शीर्षके. नियतकालिकाचा बारकोड ९७७ ने सुरू होतो. छपाईसाठी चित्र ३०० डीपीआयचे लागते, कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडायचे. एवढे जमले की कागद खरा वाटू लागतो.

प्रश्न उरला चेहऱ्याचा. इंटरनेटवर 'मुस्लिम स्त्री' शोधले, तर बुरख्यातले नुसते डोळेच पुढे येत. अशा स्त्रिया आमच्या मोहल्ल्यात आहेतच. पण शिलाई मशीनवर वाकलेली, चष्मा नाकावर घसरलेली माझी अम्मी त्या फोटोंत कुठेच नव्हती. मी तिचाच फोटो घ्यायचे ठरवले.

अम्मीने आधी विचारले, "कितने लोगां देखेंगे?" मी म्हणाले, "वर्गातले वीस." ती तयार झाली. फोटोखाली तिचे नाव टाकते म्हटल्यावर मात्र म्हणाली, "नाम कायकू?" मोहल्ल्यात तिला सगळे भाईजानची अम्मी म्हणूनच ओळखतात. रेशनकार्ड सोडले तर तिचे नाव छापलेले मी कुठे पाहिले नव्हते.

मग मी तिला शरबत गुलाची हकीकत सांगितली. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत तिचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. 'अफगाण मुलगी' म्हणून जगभर तिचा चेहरा पोचला. पण जगाला तिचे नाव कळायला २००२ साल उजाडले. तोवर तिने स्वतः तो फोटो पाहिलाही नव्हता.

"बच्ची को किसीने नाम बी नै पूछा?" अम्मी म्हणाली. थोडा वेळ मशीन चालत राहिले. मग मान वर न करताच ती म्हणाली, "लिख. पन हिज्जे बराबर लिख."

आता आपली मुलेमुली घरच्या संगणकावर अंकांची मुखपृष्ठे करू लागली आहेत. बारकोड, किंमत, रंग सारे ती झटपट शिकतात. मुखपृष्ठावर कोणाचा चेहरा आहे, त्या माणसाला विचारले होते का आणि त्याचे नाव कुठे दिले आहे, हेही त्यांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.