सोडवणं आणि सोडणं

“पेपर कोरा ठेवायचा नाही,” हे मी पहिलीपासून ऐकत आले. माझे वडील, आण्णा, कराडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दहावीच्या पेपरला निघताना ते म्हणाले होते, “नाहीच आलं तर सुचेल तेवढं लिही. तपासणारा अर्धा गुण तरी देतो.” त्या अर्ध्या-अर्ध्या गुणांनी मला बऱ्याचदा तारलं. दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, सगळीकडे मी शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत राहिले. 2023 मध्ये कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाला बसले, तेव्हा मात्र हीच सवय आड आली.

हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करत मला तीन वर्षं झाली होती. काय बनवायचं, कुणासाठी बनवायचं, हे सगळं आमच्यापर्यंत येण्याआधीच ठरलेलं असायचं. ते जिथे ठरतं तिथे मला पोचायचं होतं, म्हणून एमबीए. फेब्रुवारीपासून रोज पहाटे पाच ते सात अभ्यास, मग आंघोळ, डबा आणि कंपनीची बस. शनिवारी क्लास आणि रविवारी मॉक, म्हणजे सराव परीक्षा.

कॅटचा पेपर तेव्हा 66 प्रश्नांचा आणि दोन तासांचा होता. इंग्रजीचे 24, तर्क आणि माहिती-विश्लेषणाचे 20, गणिताचे 22. प्रत्येक विभागाला 40 मिनिटं. वेळ संपली की पुढचा विभाग आपोआप उघडतो, मागे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा.

जुलैमधली एक मॉक मला अजून आठवते. दुसऱ्या विभागात पहिलाच संच सहा दुकानं आणि चार महिन्यांच्या विक्रीचा होता. मी कागदावर तक्ता आखला आणि चौकटी भरत गेले. एक चौकट जुळेना. खोडून पुन्हा आखला, तरी जुळेना. इतकं झालंय तर आता सोडायचा कसा, असं वाटून तिसऱ्यांदा आखला. शेवटी लक्षात आलं, अटीत “किमान दोन दुकानं” होतं आणि मी “दोनच” धरून चालले होते. घड्याळात 26 मिनिटं गेली होती. उरलेल्या तीन संचांपैकी दोन तर मी नीट वाचलेही नाहीत. संध्याकाळी उत्तरं पाहिली, तेव्हा कळलं की शेवटचा संच दहा मिनिटांत सुटण्यासारखा होता. त्या विभागात मला 31 पर्सेंटाइल मिळाले. म्हणजे दर शंभरांतले जवळजवळ सत्तर जण माझ्या पुढे होते.

त्या रात्री मी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिला, “केला आणि चुकला”. दुसरा, “सोडायला हवा होता”. तिसरा, “येत होता, पण पाहिलाच नाही”. प्रत्येक मॉकनंतर दोन तास बसून एकेक प्रश्न त्या त्या रकान्यात टाकायचा. मला वाटलं होतं, पहिला रकाना सगळ्यांत लांब होईल. दहा मॉकनंतर पानं मोजली, तर मधला रकाना सर्वांत मोठा निघाला. मधल्यात गेलेली मिनिटंच तिसऱ्या रकान्याला कमी पडत होती. मला येत नव्हतं असं नव्हतंच. मला सोडता येत नव्हतं.

मग मी सोडण्याचा सराव सुरू केला. दुसऱ्या विभागातली पहिली पाच मिनिटं पेनला हात लावायचा नाही, फक्त चारही संच वाचायचे. कुठे ठाम अटी आहेत, कुठे सगळं “जर-तर”वर लटकलंय, ते बघायचं आणि दोन निवडायचे. गणितात अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही तर पुढे जायचं. 7 च्या 100 व्या घाताला 5 ने भागून बाकी विचारली, तर बाक्या 2, 4, 3, 1 अशा फिरतात. 100 ला 4 ने भाग जातो, म्हणून उत्तर 1. अशी वाट दिसली तरच थांबायचं. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक सोडलेला प्रश्न पायात काट्यासारखा सलत राहायचा. पुढचा प्रश्न वाचताना मन मागच्यावरच असायचं.

इंग्रजीची अडचण वेगळी होती. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, कलेचा इतिहास, कशावरही उतारा यायचा. शब्द कळायचे, पण शेवटी हातात काही उरायचं नाही. मग एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक परिच्छेद संपला की लेखक काय म्हणाला, ते मनात एका ओळीत मराठीतून सांगायचं. “आधीच्या लोकांचं मत हे, पण याला ते पटत नाही.” तेवढं सांगता आलं तरच पुढे. त्यामुळे पर्यायांतली मेखही दिसायला लागली. उताऱ्यातलेच भारी शब्द उचललेला पर्याय पुष्कळदा चुकीचा असतो, आणि साध्या शब्दांतला, लेखकाच्या म्हणण्याइतकंच म्हणणारा पर्याय बरोबर निघतो. आपली भाषा आड येते असं मी समजत होते. माझ्यासाठी तीच कसोटी ठरली.

26 नोव्हेंबरला दुपारी साडेबाराचं सत्र होतं. त्या दिवशी मी 66 पैकी 34 प्रश्न केले. बाहेर येऊन आण्णांना फोन लावला.

“किती सोडवलेस?”

“चौतीस.”

“आणि बाकीचे?”

“सोडले, आण्णा. मुद्दामच सोडले.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जेवलीस का?”

198 पैकी निम्म्याहून कमी गुणांतही या परीक्षेत 99 पर्सेंटाइल मिळतो, हे त्यांना समजावून सांगायला मला दिवाळीनंतरची एक अख्खी सुट्टी लागली होती. तरी गळ्याखाली उतरलं नव्हतं. 21 डिसेंबरला निकाल आला, 93 च्या थोडं वर. जुन्या आयआयएमसाठी तो पुरेसा नव्हता. दोन दिवस वाईट वाटलं, मग सीईटीची तयारी सुरू केली.

आपल्या राज्याची एमबीए सीईटी अगदी उलट स्वभावाची आहे. 200 प्रश्न, 150 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, आणि चुकीला वजाबाकी नाही. इथे प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे नुकसानच. मार्चमध्ये पेपरला निघताना आण्णांचा फोन आला आणि मीच आधी म्हणाले, “आज एकही कोरा ठेवणार नाही.” अडले की पुढे जायची सवय आता अंगात मुरली होती, त्यामुळे सोपे प्रश्न सगळे हाताला लागले. शेवटच्या मिनिटात उरलेल्या सतरा प्रश्नांना खुणा करून टाकल्या. त्या गुणांवर पुण्यातच प्रवेश मिळाला.

कॉलेज सुरू होण्याआधी कराडला गेले, तेव्हा आण्णांनी ती वही मागून घेतली. चष्मा लावून दुपारभर चाळली. मधल्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “हे सोडायचे प्रश्न आता येतात का?”

“येतात. घरी बसून सगळे सोडवले. काहींना तासतास लागला.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

सोडवणं आणि सोडणं यांत एका अक्षराचा फरक. परीक्षेच्या खोलीत मी सोडायला शिकले, पण त्यातलं काहीही कायमचं सोडलं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. मधल्या रकान्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे, उशिरा का होईना, उत्तर लिहिलेलं आहे.