रांगोळीतील तिसरा ठिपका

मल्लेश्वरमात पहाटे फिरावयास निघाले की दारोदारी ठिपक्यांच्या रांगोळ्या दिसतात. आधी ठिपक्यांच्या रांगा, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा. बदलीच्या नोकरीत आम्ही गावोगावची अंगणे पाहिली. पण या ठिपक्यांत पदार्थविज्ञानही दडलेले असते, हे आमच्या कन्येने सांगितले तेव्हा कळले. ती जवळच्याच भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करते.

काही पदार्थांत इलेक्ट्रॉन असेच एका पातळीवर, ठिपक्यांप्रमाणे, जागच्या जागी असतात. प्रत्येक जण एक सूक्ष्म चुंबक. आणि शेजाऱ्याच्या उलट तोंड करून राहावे, हा त्याचा आग्रह. चौकोनात हे साधते. त्रिकोणात मात्र दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले की तिसऱ्याने कोणाच्या उलट व्हावे?

अशा एका जाळीचे नेमके उत्तर बी. श्रीराम शास्त्री व बिल सदरलँड यांनी १९८१ साली दिले. शास्त्री पुढे काही वर्षे याच संस्थेत प्राध्यापक होते. आडव्या-उभ्या जोड्यांची ती जाळी कागदावर काढली तर रांगोळीच वाटावी. जोडीतील बंध पुरेसा बळकट असेल तर प्रत्येक जण आपल्या जोडीदाराशीच एकरूप होतो. तिसऱ्याचा ओढा दोघांवर सारखाच पडून फिटून जातो, आणि बाहेरून चुंबकत्व शून्य. १९९९ साली जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम, तांबे, बोरॉन व ऑक्सिजन यांच्या एका संयुगात हीच जाळी दाखविली. ते अतिशय थंड करून सुमारे २ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या वीस हजार पट, दाब दिला की जोड्या मोडून चौघाचौघांचे गट बनतात. आणखी दाबले की साऱ्या जाळीभर उलटसुलट चुंबकांची शिस्त लागते. हे अवस्थांतर उष्णतेचे नव्हे, दाबाचे.

हे ऐकले त्याच आठवड्यात आमच्या नागपूरच्या बदलीचा हुकूम आला. त्याची वाट आम्ही अठरा वर्षे पाहिली होती. सौभाग्यवतींना परतावयाचे, कन्येचे काम येथे, आणि आम्हांस दोघींपैकी कोणाच्याही उलट तोंड करवेना. त्रिकोण तो हाच!

अखेर आम्ही दोघांनी जावयाचे ठरले. कन्या म्हणाली, "बाबा, जोडी तर जमली." आम्ही हसलो. पण शास्त्रींच्या जाळीत प्रत्येक ठिपक्याला जोडीदार असतो. आमच्या अंगणात ठिपके तीनच.

काल पहाटे दारातली रांगोळी तिनेच काढली. पुढील महिन्यापासून ते दार तिचे एकटीचे.