खिशातले घड्याळ, माथ्यावरचा सूर्य

एके काळी घरातले घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांवरून लावले जाई. कुणाचे दोन मिनिटे पुढे असे, कुणाचे पाच मिनिटे मागे, आणि त्याचे कुणाला वैषम्य वाटत नसे. मोबाइलने ही सवलत काढून घेतली. घड्याळ आता आपोआप जुळते. ‘आमचे घड्याळ मागे होते’ ही हक्काची सबबही त्याबरोबर गेली.

पण ते जुळते कशाशी? भारतीय प्रमाणवेळ राखतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळे. आपली दूरसंचार जाळी मात्र वर्षानुवर्षे बव्हंशी अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेत आली. बँकांचे व्यवहार आणि वीजजाल ज्या सूक्ष्म काळावर चालतात, तो उसना असणे धोक्याचेच. असे सगळे व्यवहार भारतीय प्रमाणवेळेला बांधणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केला, तो उशिराच म्हणायचा.

सूर्य मात्र मसुदे वाचत नाही. प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची. दर अंशामागे चार मिनिटांचा फरक. त्यामुळे अरुणाचल आणि कच्छ यांच्या सूर्योदयांत सुमारे दोन तासांचे अंतर पडते. प्रमाणवेळ राखणाऱ्या त्याच प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये ईशान्येसाठी तासभर पुढची दुसरी वेळ सुचवली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. आसामच्या चहामळ्यांनी त्याची वाट पाहिलेलीच नाही. तेथे ब्रिटिश काळापासून ‘बागान टाइम’ चालतो. मजुराच्या हातातला फोन आठ दाखवतो, तेव्हा मळ्यात नऊ वाजलेले असतात.